आप्पांच्या नावाच्या नऊ पावत्या

"बाही वर करा," दुकानदार म्हणाला.

आप्पांना वाटलं, तो दुसऱ्या कुणाला म्हणतोय. त्यांनी मागे वळून बघितलं. मागे पाच-सहा माणसं उभी होती. सगळी सदाशिव पेठेतली, कापडी पिशव्या घेऊन घरून चालत आलेली.

"तुम्हालाच म्हणतोय. दोन्ही हातांच्या."

आप्पांनी काठी काउंटरला टेकवली. ती घसरून पडली. मी उचलली. त्यांनी आधी डावीचं बटण सोडलं, मग उजवीचं. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत चढवल्या आणि हात काचेवर ठेवले, तळवे वर करून. दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून माझ्या बापाचे हात तपासले. सुया टोचल्याच्या खुणा आहेत का ते बघत होता.

"हे काय?"

"वेल्डिंगचं हाय," आप्पा म्हणाले. "कारखान्यातलं. जुनं हाय."

"हं."

मग त्याने चिठ्ठी उजेडासमोर धरली. शिक्का नखाने खरवडून बघितला. "आडनाव काय म्हणालात?" त्याने विचारलं. चिठ्ठीवर आडनाव ढळढळीत लिहिलेलं होतं. आप्पांनी सांगितलं. मागच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मला ते बघणं ओळखीचं आहे, शाळेपासून.

"राहायला?"

"मांजरीला."

"मांजरीत मेडिकल नाहीत वाटतं?"

मी म्हटलं, तिकडे ही गोळी कुणी ठेवत नाही, म्हणून इथवर आलो. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढला. वर झेरॉक्सही काढून घेतली. "नियम आहे," म्हणाला. चिठ्ठी परत केली आणि सांगितलं, "स्टॉक नाही."

आप्पा बाह्या खाली करत होते. बटण काजात जात नव्हतं. लोक वाट बघत होते. मी काय केलं? मी त्या दुकानदाराला "थँक यू" म्हणाले आणि बापाला धरून पायऱ्या उतरवल्या. ते थँक यू मला आजही खुपतं.

हे गेल्या वर्षीचं.

आप्पा हडपसरला एका कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते. मणक्याची दोन ऑपरेशनं झाली. पाय वाचले, पण दुखणं राहिलं. कमरेतून निघून टाचेपर्यंत जाणारं. जेवायला बसले तरी चार घासांनंतर आडवे व्हायचे. एका ट्रस्टच्या दवाखान्यात दुखण्यावरच्या उपचारांचा वेगळा विभाग आहे. तिथल्या डॉक्टर मॅडमनी सगळं करून बघितलं आणि मग ट्रामाडोल लिहून दिली. गोळी अफूच्या जातीतली. सवय लागू शकते, नशेसाठी लोक वापरतात, म्हणून तिच्यावर बंधनं आहेत. कुणाला किती दिली याची दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते. हे सगळं मॅडमनी आम्हाला आधीच समजावून सांगितलं होतं. गोळी सुरू झाल्यावर आप्पा पंधरा दिवसांत काठी घेऊन विहारापर्यंत चालत गेले. आमचं घर विहाराच्या मागेच आहे, तरी त्याआधी चार महिने त्यांना ते जमलं नव्हतं.

दवाखान्याच्या दुकानात ती गोळी संपली आणि त्यांनी पुन्हा मागवली नाही. झंझट नको म्हणून. हडपसरच्या दुकानांनीही ठेवणं बंद केलं. म्हणून मी पेठेत आले. पेठ माझ्या पायाखालची आहे. मी एका लॅबमध्ये काम करते. सकाळी सहाला मांजरीहून स्कूटरवर निघायचं आणि सात ते दहा पेठेतल्या घराघरांत जाऊन रक्त घ्यायचं. रोज पंधरा-वीस लोकांच्या बाह्या मी वर करते. "काका, जरा हात देता का? मूठ आवळा. झालं हं." असं बोलून. आणि माझ्या बापाची बाही कुणीतरी अशी वर करायला लावली आणि मी बघत उभी राहिले.

त्यानंतर सुरू झाली आमची वणवण. कुणी एका वेळी पाच गोळ्या द्यायचा, कुणी दहा. पट्टी कात्रीने कापायची आणि चिठ्ठीवर पेनाने लिहायचं, "५ दिल्या." मग पुढचा दुकानदार ते वाचून विचारायचा, "आधीच घेतल्यात की?" महिन्याच्या गोळ्या पुऱ्या करायला मला सहा दुकानं लागायची. म्हणजे दुकान बदलत फिरणारा पेशंट संशयास्पद, आणि एका दुकानात पुऱ्या गोळ्या द्यायच्या नाहीत. आता फिरायचं नाही तर काय करायचं, हे मला एकानेही सांगितलं नाही.

स्वारगेटच्या एका दुकानात तर काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठी बघितली, मोबाईल बघितला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, तुमच्या वडिलांचं नाव आमच्या ग्रुपवर आलंय. मी देऊ शकत नाही." दुकानदारांचा व्हॉट्सॲप ग्रुप. त्याने स्क्रीन जरा माझ्याकडे वळवली. आप्पांच्या चिठ्ठीचा फोटो आणि खाली ओळ, "सावध राहा." फोटोत काउंटरची काच दिसत होती आणि काचेवर टेकलेली दोन बोटं. आप्पांची.

पुढच्या महिन्यात आम्ही मॅडमकडे गेलो तर त्यांनी आप्पांना बाहेर बसायला सांगितलं आणि मला एकटीला आत घेतलं. टेबलावर एक यादी होती. औषध निरीक्षकांनी पेठेतल्या त्या दुकानाचं रजिस्टर तपासलं होतं आणि नोंदी खऱ्या आहेत का म्हणून मॅडमना विचारणा केली होती.

"तुमच्या वडिलांनी माझ्याशिवाय आणखी दोन डॉक्टरांकडून हीच गोळी घेतलीय," त्या म्हणाल्या. "एकाच दुकानातून नऊ वेळा. प्रत्येक वेळी दोन-तीन पट्ट्या."

मी म्हटलं, त्या दुकानाने आम्हाला एक गोळीसुद्धा दिलेली नाही.

"मग त्यांच्या रजिस्टरमध्ये हे कसं आलं?"

मॅडम वाईट नव्हत्या. पण त्यांच्या चेहऱ्यावरही ते आलं होतं, चष्मा कपाळावर सरकवून बघितल्यासारखं. म्हणाल्या, "हा खुलासा होईपर्यंत मी पुढची चिठ्ठी लिहू शकत नाही. माझं रजिस्ट्रेशन पणाला लागतं. सॉरी."

घरी येईपर्यंत मी आप्पांशी बोलले नाही. स्कूटर चालवताना डोक्यात एकच चाललं होतं. मी सकाळी सहाला जाते ती दुपारी येते. आई नाही. आप्पा दिवसभर एकटे. रिक्षा करून गेले असतील? कुणाला पाठवलं असेल? मध्ये एकदा ते फारच मजेत होते, शेजाऱ्यांशी गप्पा मारत बसले होते. तेव्हा? दुखणं माणसाला काय करायला लावतं ते मी रोज बघते. मग माझा बाप त्यातून सुटला असेल कशावरून?

संध्याकाळी आप्पा न्हाणीत गेल्यावर मी त्यांची गादी उचलली. उशीची खोळ काढून बघितली. ट्रंक उघडली. आईच्या साड्यांच्या घड्या मोडल्या. कारखान्याच्या गणवेशाचे खिसे चाचपले.

"सापडलं का?"

आप्पा दारात उभे होते. अंगावर ओला पंचा.

"काय?" मी म्हटलं.

"जे शोधतीस ते."

मी सगळं सांगितलं. यादी, नऊ वेळा, दोन डॉक्टर. त्यांनी ऐकून घेतलं. मी नाही गेलो, असंसुद्धा ते म्हणाले नाहीत. त्यांनी आईच्या साड्यांच्या घड्या पुन्हा घातल्या, एकेक करून. खाली वाकता येत नव्हतं तरी.

डबीत शेवटच्या काही गोळ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून गोळी घ्यायची झाली की आप्पा मला हाक मारायचे. डबी माझ्यासमोर उघडायचे. "बघ. एक घेतली. चार राहिल्या. मोजून घे." मी म्हणायचे, आप्पा, नका ना असं करू. ते ऐकायचे नाहीत. दुकानदाराने त्यांना एकदाच हात दाखवायला लावले होते. मी माझ्या संशयाने त्यांना रोज दाखवायला लावत होते. हे लिहितानाही मला लाज वाटते.

डबी संपली. आप्पा पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. कण्हायचे नाहीत. मी घरात असले की दात दाबून गप्प. मी दाराबाहेर पडले की आवाज यायचा.

अशात एका सकाळी मी सरांकडे गेले.

सर म्हणजे पेठेतले निवृत्त मुख्याध्यापक. अर्धी पेठ त्यांच्या हाताखालून गेलेली. दर महिन्याला त्यांचं रक्त लागायचं आणि ते लॅबला फोन करून सांगायचे, "त्या मुलीलाच पाठवा. हात हलका आहे तिचा." मला ते कायम अहो-जाहो करायचे. मला ते आवडायचे, हे खोटं कशाला बोलू? शिस्तीचे. शब्द तोलून बोलणारे. कुठलीही वस्तू घेतली की पक्की पावती मागायचे, अगदी पेनाच्या रिफिलचीही. आणि प्रत्येक पावती फाईलला लागायची. विजेची फाईल वेगळी, किराण्याची वेगळी, औषधाची वेगळी.

मी नेहमीप्रमाणे विचारलं, "सर, पूर्ण नाव सांगा." आम्हाला तसं शिकवलेलं आहे. माणूस कितीही ओळखीचा असो, सुई लावण्याआधी त्याच्या तोंडून पूर्ण नाव वदवून घ्यायचं आणि मगच नळीवर लिहायचं. एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं तर जीव जाऊ शकतो. सर दर वेळी थट्टा करायचे, "महिनाभरात बदललं नाही हो अजून." त्या दिवशीही केली.

रक्त घेतलं. लॅबची पावती दिली. सर कापूस दाबून बसले होते म्हणून म्हणाले, "तेवढी औषधाच्या फाईलला लावता का? तारखेप्रमाणे."

फाईल शेल्फवर होती. मी उघडली. वरची पावती त्याच, बाही वर करायला लावणाऱ्या दुकानाची. ट्रामाडोल, तीन पट्ट्या. पेशंटचं नाव, माझ्या बापाचं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं. खाली मॅडमचं नाव.

मला आधी वाटलं, माझंच डोकं फिरलंय. मी पान उलटलं. पुन्हा आप्पा. डॉक्टर दुसरे. पुन्हा आप्पा. मधे दुसरी नावं. शेख. वडार वस्तीचा पत्ता असलेला एक माणूस. मुंढव्याची एक बाई. आमच्याच आडनावाचा कुणी एक, जो आमचा कुणी लागत नाही. आप्पांच्या नऊ. बाकी बावीस पावत्यांवर दहा नावं. सगळ्या पावत्या ट्रामाडोलच्या, एकाच दुकानाच्या. आणि सरांचं नाव एकीवरही नाही.

"सर," मी म्हटलं, "हे कोण?"

"कोण?"

"पावत्यांवरची माणसं."

त्यांनी चष्मा लावला. पावती हातात घेऊन लांब धरली. त्या घडीला त्यांच्या चेहऱ्यावर खरंच गोंधळ होता. तारीख आणि शिक्का बघून त्यांनी फाईल केली होती, नाव वाचलंच नव्हतं. इतकी वर्षं मुलांच्या वह्यांतल्या चुका शोधलेला माणूस.

"कॉम्प्युटरचं काहीतरी असणार," ते म्हणाले. "तो दुकानदार माझा विद्यार्थी आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ही गोळी लागते मला. दोन-तीन डॉक्टरांना दाखवलं, सगळे म्हणतात आता बंद करा. त्यांना काय जातंय बोलायला? हा पाठवून देतो. चिठ्ठी मागत नाही बिचारा."

माझ्या डोक्यात लख्ख झालं. सरांना चिठ्ठी मागायची नाही, कारण सर. पण पट्ट्यांची नोंद तर कुणाच्या तरी नावावर दाखवायला हवी. मग ज्यांना हाकललं त्यांच्या झेरॉक्स होत्याच, एकीवरचं नाव, दुसरीवरचा डॉक्टर. नियम म्हणून काढून ठेवलेल्या.

मी म्हटलं, "हे माझे वडील आहेत."

सरांनी पावती फाईलवर ठेवली. आतून काकू आल्या, त्यांच्या पत्नी. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मी मोबाईल काढला. फाईल टेबलावर उघडी ठेवली आणि एकेक पावतीचा फोटो काढायला सुरुवात केली.

"हे काय चाललंय?" सरांचा आवाज वर्गातला झाला. "ठेवा ती फाईल. माझी खासगी कागदपत्रं आहेत ती."

"नाव माझ्या बापाचं आहे, सर."

"तुम्ही रक्त घ्यायला आलात ना? घेतलंत ना? मग निघा."

मी एकतीस फोटो काढले. ज्यांत नाव नीट आलं नाही ते दोनदा काढले. काकू खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मी सांगत होते यांना, फार होतायत गोळ्या." सरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्या आत गेल्या. मला त्या वेळी सरांची कीवही आली. या माणसालाही गोळी सुटत नव्हती. त्यालाही दुखत असेल. पण त्याच्या गोळीची बदनामी माझ्या बापाच्या अंगावर टाकली गेली होती, तीही न विचारता.

दुपारपर्यंत लॅबच्या मॅनेजरचा फोन आला. पेशंटच्या घरात कागदांचे फोटो काढणं शिस्तभंग आहे, लेखी खुलासा द्या, उद्यापासून घरोघरी जायचं नाही, आत बसून नळ्या लावायच्या. त्याच्यामागोमाग दुकानदाराचा फोन. आवाज एकदम लोण्यासारखा. "ताई, येऊन जा ना एकदा. समोरासमोर बोलू."

मी गेले. त्याने दुकानाच्या आतल्या खोलीत खुर्ची दिली. चहा मागवला. मी चहाला हात लावला नाही. माझा आता कुणाच्या चहावरही विश्वास उरला नव्हता.

"सर आमचे गुरू आहेत," तो म्हणाला. "त्यांच्याकडे चिठ्ठी मागायची माझी हिंमत नाही."

"माझ्या वडिलांना बाही वर करायला सांगायची झाली."

"ते नियमाचं होतं. आपण गैरसमज करून घेऊ नये." त्याने ड्रॉवर उघडला. सहा पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या, अख्ख्या, न कापलेल्या. "वडिलांना त्रास होतोय म्हणे. हे घेऊन जा. दर महिन्याला घेऊन जा. एवढ्यावर फक्त त्यांची सही आणा."

कागद टाइप केलेला होता. वरील तारखांना लिहिलेल्या गोळ्या मला मिळाल्या, माझी काही तक्रार नाही. खाली सहीसाठी जागा आणि तिच्याखाली आप्पांचं नाव. यावेळी त्याने ते बिनचूक लिहिलं होतं, आडनाव न विचारता.

त्या दिवशी आप्पांना गोळी नसल्याला अकरावा दिवस होता. मी पट्ट्या उचलल्या. हो, उचलल्या. पर्समध्ये टाकायला चेनही उघडली. सही आणायला एक फेरी, की बाप आज जेवायला बसू शकेल. कोण विचारतंय रजिस्टरमध्ये काय लिहिलंय ते? आम्हाला तर लोक तसंही तेच समजतात. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं.

आणि मग मला आप्पांची डबी आठवली. "बघ. एक घेतली." या कागदावर सही झाली की ते आयुष्यभर प्रत्येक डॉक्टरपुढे असेच डबी उघडून बसणार होते. तेही खोट्या गुन्ह्यासाठी, लेखी कबुली देऊन.

मी पट्ट्या टेबलावर ठेवल्या. म्हटलं, "नाव तुम्ही न विचारता घेतलंत. सही नाही मिळणार."

"विचार करा," तो म्हणाला. "तुमचं म्हणणं कुणी ऐकेल का? तुम्ही कोण, सर कोण."

"मी कोण ते तुमच्या ग्रुपवर टाका," मी म्हटलं आणि बाहेर पडले. दुकानात गिऱ्हाईकं होती. सगळी माझ्याकडे बघत होती. बघू दे म्हटलं.

स्वारगेटपर्यंत धीर होता. तिथे स्कूटर कडेला लावली आणि रडले. कारण मी घरी काय घेऊन चालले होते? रिकामी पर्स आणि मोबाईलमधले फोटो. फोटोंनी पाठ दुखायची थांबत नाही.

आप्पांना वाटलं होतं मी गोळ्या आणेन. त्यांनी सगळं ऐकलं आणि ते चिडले. माझ्यावर.

"मला इचारलंस का?"

"आप्पा, खोट्या कागदावर तुम्ही सही केली असती?"

"नसती केली. पण पाठ माझी हाय. मला इचारायचं व्हतं." मग भिंतीकडे वळून म्हणाले, "ते बी न इचारता करतात, तू बी न इचारता करतीस."

हे ऐकून घ्यावं लागलं. बरोबरच होतं.

मी फोटो मॅडमना दाखवले. त्यांनी एकेक बघितला, आणि मग बाहेर जाऊन बाकावर बसलेल्या आप्पांची स्वतः माफी मागितली. पण चौकशी संपेपर्यंत त्या सात दिवसांहून जास्तीच्या गोळ्या लिहू शकत नाहीत. दवाखान्याच्या दुकानाने त्यांच्या सांगण्यावरून तेवढ्याच मागवायला सुरुवात केली. म्हणून दर सात दिवसांनी आप्पांनी दोन बस बदलून यायचं, तपासून घ्यायचं, मग गोळ्या. बाकीच्या दुकानांत आजही कुणी देत नाही. ग्रुपवरचा फोटो कुणी काढलेला नाही. मी औषध प्रशासनाच्या ऑफिसात लेखी तक्रार दिली, एकतीस फोटोंसकट. मला पोच मिळाली. मग काही महिने काहीच नाही.

गेल्या महिन्यात दुकानदाराच्या वकिलाचा फोन आला. त्यांचा नवा प्रस्ताव होता. कॉम्प्युटरमध्ये चुकून नाव पडलं असं दुकानदार लेखी देईल. आप्पांचं नाव रजिस्टरमधून दुरुस्त होईल. मॅडमना पत्र जाईल, ग्रुपवर खुलासा जाईल. महिन्याच्या गोळ्या पुन्हा सुरू होतील. मी एवढंच लिहून द्यायचं, की माझी तक्रार फक्त माझ्या वडिलांपुरती होती आणि ती मिटली.

म्हणजे मला जे हवं होतं ते सगळं.

यावेळी मी आधी घरी गेले. आप्पांसमोर बसले आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, "आप्पा, पाठ तुमची आहे. तुम्ही सांगाल ते."

ते कुशीवर होते. उठून बसायला त्यांना वेळ लागला. मी हात दिला नाही, त्यांना आवडत नाही.

"बाकीची दहा माणसं कोण हायत?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. नुसती नावं आहेत. तिघा-चौघांचे पत्ते."

"त्यांना ठावं हाय का, त्यांच्या नावावर काय चाललंय?"

"कसं ठावं असणार?"

"म्हंजी त्यांचे डॉक्टर बी त्यांना हाकलत असतील. कशापायी ते त्यांना कळत बी नसंल." ते थांबले. दुखणं टाचेपर्यंत जाऊन येईपर्यंत थांबावं लागतं. "आन त्यांच्या घरात बी कुणी गाद्या उचलत असंल."

मी मान खाली घातली.

"वकिलाला सांग, न्हाय म्हणून. आन त्यांना हुडक."

मी त्याच दिवशी नाही म्हणून कळवलं. आता सुटीच्या दिवशी मी मोबाईलमधली नावं घेऊन फिरते. मुंढव्याची बाई सापडली. कॅन्सरची पेशंट होती, सून दारात उभी राहून म्हणाली, "त्या गेल्या. शेवटी शेवटी कुणी गोळी दिली नाही. तुमच्यावर नोंद आहे म्हणायचे." शेख सापडले, ते मला पोलिसांकडची समजून आधी बोलेचनात. वडार वस्तीतला माणूस सापडला, त्याच्या मुलाने त्याला गोळ्या चोरतो म्हणून वेगळं ठेवलं होतं. मुलासमोर मी पावतीचा फोटो ठेवला. चौथा गावाला गेलाय, त्याचा नंबर मिळालाय.

सहा राहिलेत. लॅबने मला दुसरं पत्र दिलंय, नोकरी राहील असं वाटत नाही. वकील अजून अधूनमधून फोन करतो, प्रस्ताव अजून उघडा आहे म्हणतो. आप्पा आज सकाळीच दोन बस बदलून सात दिवसांच्या गोळ्या घेऊन आले आणि येऊन पडून राहिले.

त्या रजिस्टरमधून माझ्या बापाचं एकट्याचं नाव मी खोडू देणार नाही. दहातले उरलेले नऊ जण, आणि जी गेली तिची सून, औषध प्रशासनाच्या ऑफिसात टेबलासमोर उभे राहतील, आणि त्या गोळ्या खरोखर कुणी खाल्ल्या ते त्याच रजिस्टरमध्ये, त्याच तारखांसमोर, त्या माणसाच्या पूर्ण नावाने लिहिलं जाईल. त्याआधी मी कशावरही सही करणार नाही.